बाबांच्या रक्षेचा डबा

"दुकानातला डबा? छे! बाबांची रक्षा माझ्या हातच्या डब्यातच जाणार!" नॅरेलनं आईला आणि थोरल्या भावाला, केव्हिनला, ठणकावून सांगितलं.

ऑस्ट्रेलियातल्या व्हायअला गावच्या तंत्रशाळेत ती लेथवर अचूक धातुकाम शिकत होती. बापाची हयात पोलाद कारखान्यात लेथवरच गेलेली. पण पोरीनं यंत्राला हात लावलेला त्याला खपत नसे. "नर्स हो," हेच पालुपद. आता तो गेला, आणि त्याला काही करून दाखवायचं राहूनच गेलं.

तिनं पितळेचा झकास डबा कातला. झाकणाचे आटे इतके घट्ट बसवले की मुंगीनं आत जायचं तर उपास करून यावं!

"पोरी, जरा सैल ठेव," कोस्ताकिस सर म्हणाले.

"नाही सर! बाबांना चूक सापडता कामा नये!"

"ते आता कुठं शोधणार आहेत?" सर पुटपुटले.

शनिवारी रक्षा समुद्रात सोडायला सगळे, कोस्ताकिस सरसुद्धा, धक्क्यावर जमले. पाद्रीबाबांची प्रार्थना संपली. नॅरेलनं झाकण फिरवलं. हलेना! पुन्हा जोर लावला. ढिम्म!

"आण इकडे!" केव्हिननं हिसकावून घेतलं. त्याचं तोंड बिटासारखं लाल झालं. पाद्रीबाबांनी झग्याच्या सोग्यात धरून पिळून पाहिलं. मासे धरणारा एक म्हातारा पक्कड घेऊन धावत आला, ती घसरली आणि चकचकीत पितळेवर हा लांबलचक ओरखडा! शेवटी केव्हिननं डबा कठड्यावर आपटला.

"मेल्या, बाप आहे तो तुझा!" आई किंचाळली.

सरांनी डबा डोळ्यांजवळ धरला. "भरताना आट्यांत राख सांडलीय. आता कापावाच लागेल. चला शाळेत, किल्ली आहे माझ्याकडे."

नॅरेलनं डबा लेथवर चढवला. सरांनी खाली स्वच्छ फडकं अंथरलं. "शेवटचा पापुद्रा ठेव. यंत्र बंद करून तो करवतीनं काप."

"उरकलं का एकदाचं?" मागून केव्हिन खेकसला. ती दचकली. हत्यार आरपार गेलं. झाकण उडालं, आणि फिरत्या डब्यातून बाबा भसकन बाहेर आले! फडक्यावर, पितळेच्या किसात, सरांच्या मिशीत...

यंत्र थांबलं. नॅरेल "बाबा, चुकलेच हो मी!" म्हणून हमसून हमसून रडू लागली.

आई पुढे झाली. त्या राखेकडे आणि किसाकडे तिनं पाहिलं. मग पदर नव्हता म्हणून बाहीनंच डोळे पुसले.

"उगी गं. रोज असाच यायचा घरी, अंगभर कीस घेऊन. दारातच उभा करून झटकायचे मी त्याला. ब्रश दे एखादा." मग नाक चोळणाऱ्या केव्हिनकडे ती गर्रकन वळली. "आणि केव्हिन, शिंकायचं असेल तर आधी बाहेर हो!"