हैबतरावांचं फिरतं खाचर

हैबतरावांना आजवर कुणीही फसवू शकलेलं नाही. हे खुद्द हैबतरावच सांगतात, त्यामुळे खरं असणार. घरचा चहासुद्धा ते आधी हुंगतात, मग बायकोकडे रोखून बघतात, मग पितात. चंद्राबाईंना या घरात येऊन एकतीस वर्षं झाली. हल्ली त्या एक घोट स्वतः पिऊन दाखवतात आणि मगच कप पुढे करतात. चहाही गरम राहतो आणि संसारही.

असल्या माणसाच्या माले गावातल्या ओटीवर भाद्रपदात एक मुलगी डबा घेऊन आली. नाव सायली. पुण्याच्या कुठल्याशा संगणक संशोधन संस्थेतली.

"काका, हा तुमच्या भातखाचरात लावायचा. मातीतला ओलावा, हवेची उष्णता, पानावरचं दव, सगळं मोजतो. भातावर करपा रोग येणार असेल तर चार दिवस आधी फोनवर निरोप!"

"आन त्याच्या बदल्यात?"

"काही नाही. फुकट."

फुकट म्हटल्यावर हैबतरावांची मान मुंगूस दिसलेल्या कोंबडीसारखी ताठ झाली.

"बनवला कुनी?"

"आमच्या संस्थेनं. सरकारी पैशातून."

"सरकारचा पैसा कुटनं येतो?"

"करातून. म्हणजे तुमचाआमचाच."

"म्हंजी माज्याच पैशानं माज्याच वावरात डबा!"

"अगदी बरोबर!" सायलीला वाटलं, काका खूश झाले. "इंटरनेट, उपग्रहावरून रस्ता दाखवणं, हे सगळं असंच सुरू झालं काका. आधी कुणीतरी सरकारी पैशावर वर्षानुवर्षं डोकं खाजवत बसतं. लोक म्हणतात, याचा उपयोग काय? आणि एक दिवस ते तुमच्या खिशात येऊन बसतं."

हैबतरावांनी दचकून खिसा चाचपला.

"ह्या डब्यात बी उपग्रह हाय?"

"डबा कुठे आहे तेवढं कळतं त्याला."

"मंग बांध बी मोजतो का?"

"बांध? नाही हो. बांधाचं काय?"

"मी बांधाचं इचारलंच न्हाई!"

इथं एक गुपित सांगायला हवं, जे फक्त अख्ख्या गावाला माहीत आहे. हैबतरावांच्या खाचराला लागून सिद्धूचं रान. सिद्धू शेरडं राखतो आणि उरलेल्या वेळात नाचणी पेरतो. दोघांच्या मध्ये एक बांध. दर उन्हाळ्यात हैबतराव त्याची 'डागडुजी' करतात. म्हणजे आपल्या बाजूनं वीतभर कोरायचा, पलीकडच्या बाजूनं वीतभर भर घालायची. बांध होता तसाच, फक्त एक वीत पुढे! दोन्ही टोकांना हद्दीचे दगड, त्यामुळे टोकं जागच्या जागी. मधला भाग तेवढा सरकायचा. अशी बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात माणसाचं पोट सुटतं, बांधाचं का सुटू नये?

हैबतराव नाही म्हणणार तेवढ्यात चंद्राबाईंनी संमतीच्या कागदावर सही ठोकली. डबा खाचरात बसला. पुढचे तीन दिवस हैबतराव डब्याकडे बघत बसले. डबाही दर दहा मिनिटांनी हिरवा दिवा मिचकावून त्यांना डोळा मारायचा. फोडावा, तर सरकारी माल. फेकावा, तर सही बायकोची.

शेवटी पुतण्याला विचारलं. किशोर हिंजवडीत गाडी चालवतो, त्यामुळे संगणकातलं त्याला सगळं कळतं.

"आबा, डबा जागेव ऱ्हायला तर जागा मोजनार. हलता ठिवा. उपग्रह येडा व्हतोय का न्हाई बगा!"

दुसऱ्या दिवशी हैबतरावांनी सिद्धूची म्होरकी शेळी गाठली. नाव ढवळी. डबा पट्ट्यानं तिच्या गळ्यात बांधला.

"आबा, ह्ये काय?" सिद्धूनं विचारलं.

"बिबट्या येऊ नये म्हनून. सरकारनं शोधलंय."

"मंग तुमच्या वावरात कशापायी लावलावता?"

"तितं बिबट्या आला का?"

"न्हाई."

"मंग!"

सिद्धूला शंका घ्यायला जागाच उरली नाही.

त्या दिवसापासून हैबतरावांचा फोन बडबडायला लागला. 'तुमच्या खाचराचं तापमान ३९ अंश. सल्ला: पाणी सोडा.' दुपारी ढवळी धरणाच्या पाण्यात उतरली. 'ओलावा शंभर टक्के. सल्ला: पाणी काढा.' डब्याला दव मोजायला एक प्लास्टिकचं पान होतं. ते ढवळीला इतकं आवडलं, की ती दिवसभर चाटायची. 'पान सतत ओलं. सल्ला: धीर धरा.' किशोर नकाशावरचा ठिपका बघून म्हणाला, "आबा, तुमचं वावर लवासाला फिराया निगालंय!" हैबतराव तीन आठवडे मिशीत हसत होते.

आणि मग जीप आली. सायलीबरोबर तिचे साहेब, कौस्तुभ. चेहरा बारावीच्या निकालाला आल्यासारखा.

"काका, तुमचं खाचर रोज सकाळी साडेआठला निघतं, दुपारी धरणावर जातं आणि पाचला परत येतं. हे कसं?"

"पाऊस लई झाला औंदा," हैबतराव शांतपणे म्हणाले. "माती सरकती कवा कवा."

"आणि परत येते?"

"आपलीच माती हाय. जाईल कुटं?"

एवढ्यात माती ब्यां करून ओरडली. गळ्यात डबा मिरवत ढवळी अंगणात हजर! मागून सिद्धू.

"आबा, डबा लई गुनाचा! एकबी बिबट्या आला न्हाई!"

आता कौस्तुभ भडकणार, डबा काढून नेणार आणि पीडा टळणार, असा हैबतरावांचा हिशेब होता. पण कौस्तुभ शेळीकडे बघत राहिला. मग त्याचे डोळे चमकले. हैबतरावांना पहिल्यांदाच भीती वाटली.

"सायली, आठ वर्षांपूर्वी आपण तो प्रोग्राम केला होता ना? उपग्रहाची खूण चार-पाच मीटर इकडेतिकडे हलते. पण कुणी एकाच वाटेनं पुन्हा पुन्हा गेलं तर हललेलं सगळं वजा करून खरी रेघ काढता येते! अहवालावर शेरा मिळाला होता, 'उपयोग आढळला नाही.' कारण एकाच वाटेवर चाळीस वेळा न चुकता चालणारा माणूसच मिळेना!"

"शेळी चालंल?" सिद्धूनं विचारलं.

लॅपटॉप जीपच्या बॉनेटवर उघडला. बघता बघता निम्मं गाव गोळा झालं. गावाच्या जुन्या नकाशावर ढवळीची वाट उमटली. सगळीकडे बालवाडीतल्या पोरानं गिरगटल्यासारखी, फक्त एका जागी ठसठशीत एकच रेघ.

"इथेच ही इतकी नेमकी कशी चालते?" कौस्तुभनं विचारलं.

"बांध हाय त्यो," सिद्धू म्हणाला. "आबांच्या भातात खूर पडला की आबा धोंडा घालत्यात. म्हनून बिचारी मधोमध चालती. आबांनीच शिस्त लावली."

"पण नकाशात बांध सरळ आहे. हिची रेघ मध्ये तुमच्या रानात फुगलीये."

"किती?" सिद्धूनं हळूच विचारलं.

"सात पावलं."

अख्ख्या अंगणाच्या माना हैबतरावांकडे वळल्या; ढवळी तेवढी रवंथ करत राहिली.

"आबा," सिद्धू म्हणाला, "मी दरसाल म्हनायचो, माजं रान आटतंय. तुमी म्हनायचा, शेरडं वाढली, म्हनून ल्हान दिसतंय."

"शेळीची साक्ष चालत न्हाई!" हैबतराव गरजले.

"शेळीची कुटं? तुमच्याच धोंड्यांची हाय."

हैबतराव अजून तासभर भांडले असते. पण चंद्राबाई दारातून म्हणाल्या, "बांध मागं जातोय का? न्हाईतर उद्यापास्नं मी चा पिऊन दावनार न्हाई."

बांध आठवड्यात मागे गेला.

डबा पुन्हा उरलेल्या खाचरात लागला आणि चौथ्याच दिवशी निरोप आला: 'करप्याची शक्यता.' हैबतरावांनी फोन हुंगला. चंद्राबाईंनी फवारणी उरकली. गावात इतरांचं भात करपलं, यांचं इंद्रायणी मात्र गुडघ्यावरून कमरेला लागलं. हैबतरावांचं मत पालटलं. पैसा आपला, म्हणजे संशोधन आपलं, म्हणजे शेळीही जवळजवळ आपलीच! मग तिचा उपयोग आपण का करू नये? पलीकडच्या अंगाला शंभूचं वावर. तो शंभू आपला बांध खातो, हा त्यांचा जुना संशय. त्यांनी स्वतः सायलीला फोन लावला.

डबा पुन्हा ढवळीच्या गळ्यात. तीन आठवडे हैबतराव हातात धोंडे घेऊन जातीनं उभे राहिले, ढवळी त्या बांधावरून तसूभर ढळली नाही. मग अख्खं गाव बोलावलं, शंभूला पुढच्या रांगेत बसवलं. रेघ उमटली. मध्ये भलंमोठं पोट!

"बगा! मी म्हनत नव्हतो?"

कौस्तुभनं घसा खाकरला. "काका, पोट शंभूकाकांच्या वावरात गेलंय. नऊ पावलं."

"म्हंजी?"

"म्हणजे हाही बांध तुमच्याच बाजूनं सरकलाय."

"देवाशप्पत, त्या बांधाला मी हात बी लावला न्हाई!" हैबतराव ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ते बांधाबद्दल खरं बोलत होते, आणि कुणाचाही विश्वास बसला नाही.

"मामंजींनी लावला आसंल," चंद्राबाईंनी निर्वाळा दिला. "त्यांचा हात लई दांडगा व्हता."

ढवळीनं प्लास्टिकचं पान निवांत चाटलं. हैबतरावांच्या खिशात फोन वाजला.

'ओलावा वाढला आहे. सल्ला: बांधांची डागडुजी करा.'