आठ दिवसांत सवय होईल

कवळीवाल्याने कुस्करलेल्या केळ्याचा पहिला चमचा तोंडात घातला आणि उजव्या जबड्यात अशी कळ उठली, की त्याने टेबलाची कड गच्च धरली. चेहरा मात्र हसरा ठेवला. समोर बायको बसली होती आणि तिची नजर त्याच्या जबड्यावरच होती.

"दुखतंय," ती म्हणाली.

"छे."

"सोडा ना ते बॉक्सिंग."

"दुखतच नाही, तर सोडू कशाला?"

तीन महिन्यांपूर्वी व्यायामशाळेत सरावाच्या वेळी पोस्टमनचा ठोसा त्याच्या जबड्यावर बसला होता. एरवी पत्रं उशिरा आणणाऱ्या या सज्जन माणसाचा ठोसा मात्र अगदी वेळेवर पोचला. तेव्हापासून दुखणं हटत नव्हतं आणि त्याच पोस्टमनशी सामना येत्या रविवारी होता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे काय खूळ, असं बायकोपासून दातांच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांनी त्याला सुनावलं होतं. त्याचं उत्तर ठरलेलं होतं: बावीस वर्षं लोकांचे दात घडवण्यात गेली, आता एक गोष्ट स्वतःसाठी करतोय आणि ती करणारच.

दात घडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. डॉक्टर मंडळी तोंडाची मापं पाठवत, तो त्यांचे प्लास्टरचे साचे करी आणि साच्यांवरून कवळ्या. ठोसा बसल्यावर त्याने स्वतःसाठी दातांवर चढवायचं एक नवं, चांगलं जाडजूड माउथगार्ड बनवायला घेतलं. त्याच आठवड्यात बायको झोपेत करकरा दात खायला लागली. डॉक्टरीणबाईंनी त्यामागचं कारण काळजी असं सांगितलं आणि झोपताना घालायला नाइटगार्ड सुचवलं. दोघांच्या दातांचे साचे काढून दोन्ही गार्ड त्याने एकाच दिवशी केली. नाइटगार्ड रुततंय अशी तिने तक्रार केली, तेव्हा बावीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलेलं वाक्य त्याने तिलाही ऐकवलं.

"नवीन आहे. आठ दिवसांत सवय होईल."

माउथगार्ड त्यालाही रुतत होतं. आरशासमोर उभं राहून त्याने स्वतःलाही तेच सांगितलं.

आठाचे नव्वद दिवस झाले. जबडा दुखतोय म्हणजे त्याला आधार हवा, असा विचार करून तो कामावरही माउथगार्ड घालून बसायला लागला. दुखणं वाढलं. मग बायकोचाही जबडा धरला. तिने खापर बॉक्सिंगवर फोडलं आणि नाइटगार्ड दुपारच्या झोपेलाही घालायला सुरुवात केली. बोललं की दुखतं म्हणून दोघंही गप्प राहू लागले. नवरा-बायकोत बिनसलंय अशी शेजारच्या काकूंची खात्री पटली. त्या येऊन तासभर संसार कसा करावा ते समजावून गेल्या, आणि त्यांना थांबवायला दोघांपैकी एकाचंही तोंड उघडेना.

बुधवारी डॉक्टरीणबाईंनी निर्वाणीचं सांगितलं, की शुक्रवारपर्यंत दुखायचं थांबलं नाही तर सामन्याच्या कागदावर त्या सही करणार नाहीत. कवळीवाला इरेला पेटला. माउथगार्डवर आणखी एक थर चढवायचा म्हणून त्याने फळीवरून आपला साचा काढला. फळीवर दोन साचे होते आणि दोन्हींवर पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता, 'घरचा'. गिऱ्हाइकाच्या साच्यावर तो नाव, डॉक्टर, तारीख सगळं लिहायचा. घरच्यांची कसली नावं लिहायची!

त्याने साच्यातल्या पुढच्या दातांवरून अंगठा फिरवला. त्याच्या पुढच्या दाताचा लहानपणी सायकलवरून पडून टवका उडाला होता. साच्यातला दात अख्खा होता. शेजारचा किंचित तिरका होता, आणि तो तिरका दात लग्नापासून बायको हसली की त्याला दिसत आला होता. कवळीवाला मटकन स्टुलावर बसला. त्याला लाज वाटली, आणि लगेच आनंदही झाला, कारण बॉक्सिंग निर्दोष सुटलं होतं.

त्या दिवशी त्याने दोन्ही गार्ड नव्याने केली आणि बायकोच्या डबीतलं गुपचूप बदललं. शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी जबडा दाबून पाहिला, सही केली आणि उपाय काय केलात म्हणून विचारलं. कवळ्यांची कामं त्याच पाठवत असल्यामुळे चूक कबूल न करता त्याने 'विश्रांती' असं सांगितलं.

शनिवारी सकाळी बायको कडक टोस्ट कुरुमकुरुम खात होती.

"बघितलंत? तीन दिवस तुम्ही व्यायामशाळेत गेला नाहीत, तर माझा जबडा मोकळा झाला. आता कायमचंच सोडा. माझ्यासाठी."

कवळीवाल्याची पंचाईत झाली. गप्प बसावं तर बॉक्सिंग गेलं, बोलावं तर बावीस वर्षांचं नाव गेलं. त्याने टोस्ट उचलला, जोरात चावला आणि गिळून टाकला.

"बॉक्सिंगचा काही संबंध नाही," तो म्हणाला. "साच्यांची अदलाबदल झाली होती. माझ्या हातून."

बायकोचं चावणं थांबलं.

"म्हणजे तीन महिने मी तुमचा जबडा तोंडात घालून झोपत होते?"

"हो."

"आणि तुम्ही मला सांगत होतात, सवय होईल."

तिने उरलेला टोस्ट शांतपणे संपवला, हात पुसले.

"उद्या किती वाजता आहे तुमचा सामना?"

"पाचला."

"मी येणार आहे."

कवळीवाल्याला भरून आलं. आजवर तिने व्यायामशाळेची पायरी चढली नव्हती. तो घाईघाईने म्हणाला, की पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवतो, अगदी मधली.

"खुर्ची नको," बायको म्हणाली. "पोस्टमनच्या कोपऱ्यात पाणी द्यायला कुणीतरी लागत असेलच की."