शालिकरामची जाळी

दिल्लीचे साहेब मैदान पाहायला येणार आणि गोलच्या खांबांना जाळीच नाही, हे मधुकररावांच्या लक्षात आलं तेव्हा हातात आठवडाच उरला होता. ते फुटबॉल मंडळाचे सचिव. साहेबांनी मैदान पसंत केलं, तर परदेशी संघाचा सामना नागपुरात होणार होता. मधुकररावांनी मात्र धरमपेठेत घरोघरी तो झाल्यासारखाच सांगून ठेवला होता.

मुंबईहून जाळी मागवायला वेळ नव्हता. म्हणून ते गोळीबार चौकातल्या शालिकराम विणकराकडे गेले आणि खांबांचं माप दिलं.

"मजबूत पाह्यजे. बॉल पार जाता कामा नये."

"बॉल काय, हवा पार जाणार नाही जी," शालिकराम म्हणाला. त्याने जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता.

साहेबांसाठी मंडळाने दोन स्थानिक संघांचा सामना ठेवला होता. त्या दिवशी शालिकराम दोन मोठ्या घड्या घेऊन मैदानावर आला. पांढरं, घट्ट विणीचं सूत आणि वर लाल काठ.

"हे काय गा? भोकं कुठं हायेत?" मधुकररावांनी विचारलं.

"भोकं?" शालिकरामचा चेहरा उतरला. "भोकाचं कापड काहून देऊ मी तुमाले?"

साहेबांची गाडी स्टेशनहून निघाली होती. मधुकररावांनी तीच कापडं बांधून घेतली.

खेळ सुरू झाला तसा गोलमागे बसलेल्या लोकांनी गलका केला. त्यांना पांढऱ्या कापडाखेरीज काही दिसेना. शेवटी त्यांनी कापड खालून गुंडाळलं आणि काठ मांडीवर घेऊन बसले. पहिलाच बॉल त्या फटीतून आला आणि एकाच्या चिवड्यात पडला. एक संघ म्हणे गोल झाला, दुसरा म्हणे बाजूने आला. पंच साक्षीदार शोधत कापडामागे गेले.

"आमाले काय इचारता?" चिवडावाला म्हणाला. "आमी कापड धरून राहिलो."

उत्तरार्धात वारा सुटला. कापड शिडासारखं फुगलं, दोर तुटले आणि सगळा पसारा गोलकीपरच्या अंगावर आला. तो आत काठ शोधत होता, तेवढ्यात समोरच्यांनी गोल करून घेतला. मग खांबही वाकला.

साहेब खुर्चीवरून उठून आले. "मॅच तो यहाँ नहीं हो सकती," ते शांतपणे म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी कापड बोटांत धरून पाहिलं. "ये किसने बनाया?"

मधुकररावांनी घाईघाईने शालिकरामला पुढे ढकललं. शिव्या खाणाऱ्याची सोय झाली, असं त्यांना वाटलं.

साहेबांनी शालिकरामला परदेशी संघाच्या सामन्यात खेळाडूंच्या खोल्यांना लावायला पडदे करायला सांगितले.

सामना कलकत्त्याला गेला. शालिकराम पडदे घेऊन तिकडे गेला आणि मधुकररावांनी घरी रेडिओ लावला. शालिकराम परतल्याचं कळताच ते त्याच्या घरी पोचले.

"मॅच कशी झाली?"

"मॅच कुठं पाहिली जी. पडदे कोणी नेऊ नये म्हणून दाराशीच बसून राहिलो."

"मंग?"

"परदेशी कप्तानानं घामाचं तोंड पडद्याले पुसलं. कापड आवडलं त्याले. कुठलं हाय, म्हणून साहेबाकडून इचारलं. मी म्हटलं, नागपूरचं."

मधुकरराव सावरून बसले. "अन् तो नागपूर म्हणाला?"

"नाकपूर म्हणाला."

मधुकररावांनी चपला पायात सरकवल्या.

"चालते," ते म्हणाले, आणि बातमी सांगायला धरमपेठेकडे निघाले.