पंपघराचे तीन फुटी दार

सन १९३४ च्या उन्हाळ्यात सोलापुरात, भवानी पेठेच्या टोकाला असलेल्या मोठ्या विहिरीवर विजेचा पंप बसवायचे ठरले. विहिरीला पाणी होते, पेठेला तहान होती आणि दोहोंच्या मध्ये साठ हात दोर होता. तो ओढायचे काम बायकांकडे. ते बंद होऊन नळाला पाणी यावे म्हणून उदकउत्थापन शाखेने पंप मागवला, आणि इमारत शाखेने ऐन विहिरीच्या काठावर पंपघर बांधायला घेतले. दोन्ही शाखा एकाच कचेरीत शेजारी शेजारी होत्या. मध्ये फक्त एक भिंत होती, आणि त्या भिंतीला दार नव्हते.

बांधकाम शरणप्पा गवंड्याकडे आले. त्याची बायको कमलम्मा रोज त्याच विहिरीवरून दहा घागरी ओढायची, त्यामुळे त्याने काम मनावर घेतले. भिंती कमरेपर्यंत आल्या तेव्हा त्याने इमारत शाखेच्या ओव्हरसियर हिंदुरावांना विचारले,

"रावसायेब, मशीन केवडं हाय?"

"तुला कशाला?"

"दार सोडायचं हाय की. मशीन आत जायला पायजे."

हिंदुरावांनी नकाशा उलगडला, पाहिला, गुंडाळला. "मशीन आपल्या शाखेकडे येत नाही. आपल्याकडे दार येते."

"पन त्या दारातनं मशीनच जायचं न्हवं?"

"ते त्या शाखेने पाहायचे."

शरणप्पाने आपल्या अकलेने एका बाजूची आठ फूट भिंत उघडीच सोडली. पंधरा दिवसांनी तपासणी झाली आणि शेरा आला: 'एके बाजूस भिंत आढळून आली नाही. ती का नाही याचा खुलासा करून भिंत तात्काळ हजर करावी.' भिंत हजर झाली.

दाराचे माप मात्र नियमाने काढण्यात आले. इमारतीत शिरणारी सर्वांत मोठी चीज ध्यानात घेऊन दार ठेवावे, असा नियम होता. कचेरीत दोन दिवस विचार झाला. कचेरीच्या साहेबांपेक्षा मोठे काही कुणाला सुचेना. तेव्हा साहेबांना हॅटसकट उभे करून मोजले. उंची सहा फूट दोन इंच, रुंदी पावणेदोन फूट. अदबीसाठी दोन्ही अंगांना मोकळी जागा धरून तीन फूट रुंदीचे दार मंजूर झाले. सागवानी चौकट बसली आणि इमारत पूर्ण व निर्दोष असल्याचा दाखला हिंदुरावांच्या सहीने निघाला.

भाद्रपदात मशीन आले. स्टेशनापासून चार बैलांनी ओढत आणले. मोटार आणि पंप एकाच लोखंडी बैठकीवर कायमचे जोडलेले, वर लाकडी खोके. खोके सहा फूट रुंद भरले. ते फोडल्यावर मशीन पाच फूट दोन इंच भरले. पहारी लावून तिरपे करून पाहिले, मागच्या बाजूने घालून पाहिले. दार तीन फुटांचेच राहिले.

बघ्यांच्या गर्दीतून कमलम्मा म्हणाली, "अवो, एवडं कळंना व्हय कुनाला?"

"मला कळलं हुतं की," शरणप्पा हळूच म्हणाला, "पन माजी शाखा येगळी हाय."

तरी त्याला राहवेना. तो हिंदुरावांकडे गेला. "सायेब, सकाळी हितली भिंत खोलतो, दुपारी मशीन आत घेतो आन् दिस मावळायच्या आत भिंत हाय तशी करून देतो. मजुरीबी नगं."

हिंदुराव दचकले. "पूर्ण झालेली सरकारी भिंत पाडणे गुन्हा आहे. पाडायची तर आधी ती सदोष ठरायला हवी. सदोष ठरवायचा अधिकार कुणाला?"

"तुमालाच की."

"आणि निर्दोष असल्याचा दाखला कुणी दिला?"

शरणप्पा माघारी वळला. त्याच्या बोलण्याची मात्र नोंद झाली: 'सदर गवंडी भिंत पाडण्याचा इरादा बाळगून आहे.' भिंतीवर पहारेकरी नेमला. मशीनवर नेमायला दुसरा माणूस शिल्लक नव्हता.

भिंतीत दोष नाही म्हणजे तो मशीनमध्ये असणार, हे ओघानेच आले. विलायतेतल्या कंपनीला पत्र गेले: 'आपले यंत्र आमच्या दारापेक्षा दोन फूट दोन इंच जादा भरले. खुलासा यावा.' तीन महिन्यांनी अतिशय नम्र उत्तर आले. यंत्र आत नेण्यास किती रुंद दार लागेल याचा कागद वर्षापूर्वीच पाठवला असून तो आकडा तांबड्या शाईने लिहिला आहे. हेडक्लार्क आप्पांनी शोध घेतला. कागद सापडला. तो 'यंत्र' या सदराखाली लावलेला होता. 'दार' या सदराखाली लावला असता तर इमारत शाखेला मिळाला असता. यात कुणाचीच चूक नाही असे ठरून चौकशी समाधानाने संपली. एव्हाना मशीनला गंज चढला होता आणि त्याच्या आडोशाला पेठेतली एक शेळी व्याली होती.

चैत्रात उद्घाटनाला पुण्याहून बडे साहेब येणार होते. पत्रिका छापून झाल्या होत्या, त्यामुळे तारीख हलवणे शक्य नव्हते. उदकउत्थापन शाखेने टिपण तयार केले: 'पंपाचे काम विहिरीशेजारच्या टाकीत पाणी चढवणे हे होय. टाकीत पाणी चढले असता पंपाचे काम झाले असे समजण्यास हरकत नसावी.' त्यानुसार पेठेतल्या चाळीस बायकांना पहाटेच बोलावले. त्यांनी दोराने पाणी ओढायचे आणि शिडीवरून टाकीत ओतायचे. शिडी धरायला शरणप्पा.

बाराव्या घागरीला कमलम्मा शिडीवर थांबली. "अवो, ह्यालाच ईज म्हनत्यात व्हय?"

"हळू बोल. आज सांगतो बग मोठ्या सायबाला. समद्यांच्या म्होरं सांगतो."

बडे साहेब आले. हॅटसकट दारातून आत गेले. खांदा कुठे लागला नाही, त्यामुळे फार प्रसन्न झाले. भिंतीवरचे काळे बटण त्यांनी दाबले. ते कशालाच जोडलेले नव्हते. बाहेर हिंदुरावांनी आतून खुणेचा रुमाल हलताना पाहिला आणि टाकीचा कॉक सोडला. नळाला पाणी आले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"इतक्या नेमक्या मापाचे दार मी पाहिले नाही," साहेब म्हणाले. "कुणी बसवले?"

शरणप्पाला पुढे ढकलले. 'सायेब, मशीन भायेर हाय,' हे शब्द त्याच्या ओठावर आले होते. तेवढ्यात साहेबांनी त्याच्या खांद्यावर जरीकाठी उपरणे टाकले. पुन्हा टाळ्या झाल्या. त्याने मागे पाहिले. दोराने सोललेल्या हातांनी कमलम्माही टाळ्या वाजवत होती. तिच्या डोळ्यांत नवऱ्याचा अभिमान होता.

"सायबांची किरपा," शरणप्पा म्हणाला आणि वाकला.

साहेबांची गाडी वळली तेव्हा नळही थांबला. अहवालात 'पंप समाधानकारक चालला' असे लिहिले गेले, आणि आणखी तीन गावांनी याच नकाशाची मागणी केली.

तुम्ही म्हणाल, चाळीस बायका, एक गवंडी, सगळी पेठ, पण तोंड कुणालाच उघडता येऊ नये? बरोबर आहे तुमचे. त्या बिचाऱ्यांना अक्षरओळख नव्हती. पण मांडवात तिसऱ्या रांगेत एक सुशिक्षित गृहस्थ बसले होते. त्यांनी बाहेरचे मशीन पाहिले होते, शेळी पाहिली होती, शिडीवरच्या बायकाही पाहिल्या होत्या. सगळा प्रकार त्यांना अचूक समजला होता. त्यांनी टाळ्या वाजवल्या, घरी गेले आणि दार लावून मनसोक्त हसले. आत्ता तुम्ही हसलात ना, तसेच.