पहिला मान

तपासणीची गाडी देवळासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा दर्शना बायकांची यादी घेऊन पुढं झाली. गावातल्या बायकांची स्तनांच्या कर्करोगासाठी तपासणी होती. रत्नागिरीच्या डॉक्टरबाईंचा हिशेब सरळ होता. रिक्षावर भोंगा लावून खर्च होतो आणि बायका येत नाहीत. तेच देवळातून सांगितलं तर एका नारळात काम. दर्शना गावची आशाताई. तिनं होकार दिला तो सासूपायी. काशीबाई हल्ली डावा हात वर करताना ओठ आवळायच्या आणि काही विचारलं की उठून जायच्या.

नारळ फुटला, देवाला गाऱ्हाणं घालून झालं, आणि तिथंच घोडं अडलं. देवाच्या दारातलं काम म्हणजे ते मानानंच व्हायचं. पहिला मान भागोजीचा, म्हणजे दर्शनाच्या सासऱ्याचा. त्याच्या घरची बाई आधी चढल्याशिवाय दुसरीनं गाडीच्या पायरीला पाय लावायचा नाही.

"आमच्या घरची बाय परक्यासमोर अंग उघडं करायची नाय," भागोजीनं सांगून टाकलं.

"आत डॉक्टरबाईच आहेत, बाबा."

"असंना."

"मग बाकीच्यांना तरी जाऊ द्या."

"आमच्या आदी? मान काय इकायला काढलाय?"

बायका उन्हात ताटकळल्या. कुणीतरी तोडगा काढला की बाईऐवजी भागोजीची टोपी आत फिरवून आणावी, मान राहील. टोपी आत गेली. डॉक्टरबाईंनी ती दोन बोटांत धरून परत पाठवली. "टोपीची तपासणी होत नाही," त्या म्हणाल्या आणि ड्रायव्हरला निघायची खूण केली. दर्शनाला रडू फुटायचंच बाकी होतं.

तेवढ्यात गुणवंती उठली. तिचं घर दुसऱ्या मानाचं, आणि पालखीवरून दोन्ही घरांचा अबोला. तिनं पदर खोचला.

"ज्यांना मान झेपत नाय त्यांनी सोडावा. आजपासून पयला मान आमचा," म्हणत ती गाडीकडे चालू लागली.

भागोजीच्या अंगाचा तिळपापड झाला. "काशे, बघतेस काय? चढ आदी." आणि त्यानं स्वतःच बायकोचं कोपर धरून तिला पायरीवर चढवलं. मागोमाग गाव चढला. इतक्या स्वस्तात इतक्या बायका, म्हणून डॉक्टरबाई खूश होऊन गेल्या.

रिपोर्ट आले. बाकी साऱ्यांचं निभावलं, काशीबाईंचं नाही. गाठ जुनी होती. मुंबईला न्यायचं, पण फार उशीर झालाय, असं डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं. भागोजी त्या दिवसापासून पडवीत नुसता बसून राहिला. कुणी चहा दिला की प्यायचा.

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी दर्शना सासूची पिशवी भरत होती.

"आये, बाबा म्हणतायत, गुणवंतीकाकीनं डिवचलं म्हणून तरी कळलं. तिच्या पाया पडून येतो म्हणतायत."

काशीबाईंनी पडवीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तिला भांडायला मीच सांगितलं होतं गो. नायतर ह्यांनी माला मरेपर्यंत मानात ठेवलं असतं."