तात्यांचं कोरडं वजन

आपण नमस्कार केला की समोरचा माणूस नमस्कार करतो. आमचे तात्या म्हणतात, "पाय दावा."

पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्या चपलेला काहीतरी लागलंय. मी सांगलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात, डायलिसिस वॉर्डाच्या दारात, बायकोला धरून उभा होतो. सुमनच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्याचं कळून महिनाही झाला नव्हता. समोरच्या बाकावरनं एक काटकुळे गृहस्थ उठले, दोन हात अंतरावर थांबले, एक डोळा मिटून सुमनच्या घोट्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "दोन सातशे. फार तर पन्नास ग्राम इकडं-तिकडं."

म्हातारा भ्रमिष्ट असावा असं समजून मी सुमनला आत नेलं. चार तासांनी मशीनवरून उतरवून तिचं पुन्हा वजन केलं, तर सकाळपेक्षा बरोब्बर दोन किलो सातशे ग्रॅम कमी भरलं. बाहेर आलो तेव्हा तात्या बाकावर बसून नखं बघत होते. "पानी लपत न्हाई, मास्तर," एवढंच बोलले. मी मास्तर होतो हे त्यांना कुणी सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही.

तात्या तासगावचे. उभा जन्म बेदाण्याच्या बाजारात मापाडी म्हणून गेला. पोत्यात हात घालून, दाणा अंगठ्यानं दाबून, माल किती वाळलाय आणि किती ओला आहे हे ते सांगत, आणि व्यापारी मुकाट मान्य करत. पुढं त्यांच्याच किडन्या गेल्या, आणि बाजारातला सगळा धंदा त्यांनी जसाच्या तसा वॉर्डात आणला.

किडनी बंद पडली की प्यालेलं पाणी अंगातच साठतं. ते मशीननं ओढून काढायचं. पाणी गेल्यावर जे उरतं, त्याला डॉक्टर ड्राय वेट म्हणतात. तात्यांनी त्याचं कोरडं वजन करून टाकलं. "द्राक्षं वाळली की बेदाना. आपलं बी तसंच हाय. सोमवारी आन् गुरुवारी वाळवाय शेडवर घालत्यात, मधी पुन्ना आपन भिजतो."

वॉर्डात वजन सिस्टरांनी करायचं असतं. पण पाच मशीन, एक सिस्टर आणि दाराशी खोळंबलेली माणसं, असा कारभार. त्यामुळं काटा तात्यांच्या ताब्यात गेला. तात्या वजन पुकारतात, सिस्टर खाली मान घालून वहीत लिहितात. काट्यावर चढण्याआधी त्यांची आरोळी येते, "बारदान काढा!" बाजारात बारदान म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन. इथं चप्पल, शाल, मोबाईल, किल्ल्या, कानटोपी हे सगळं बारदान. एका आजींनी बटव्यातली सुपारी काढून ठेवेपर्यंत त्यांनी मागची रांग थांबवली होती.

आमच्याच पाळीत साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार आहेत. लेकीकडं राहतात, मिशा मोठ्या आणि आवाज त्याहून मोठा. भाचीचं लग्न उरकून एका सोमवारी ते आले, तर तात्यांनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि पडूनच राहिला.

"ह्यात बेदाना ठिवला तर खाली पडायचा न्हाई, हवालदार. काय प्यालासा?"

"अर्धा पेला उसाचा रस. वन्ली."

तात्या नुसते बघत राहिले. सरहद्दीवर न डगमगलेला माणूस हळूहळू डगमगला. "तीन पेले. आणि एक बर्फाचा गोळा."

"गोळा कुटल्या रंगाचा?"

"लाल," हवालदार म्हणाले आणि लहान मुलासारखी मान खाली घातली. तात्या गुरुवारपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत.

सुमनला त्यांनी दूध घालायचं एक जुनं पाव लिटरचं माप आणून दिलं. "दिवसाला तीन मापं, वैनी. च्या, आमटी, पानी समदं त्यातच. चौथं माप म्हंजी चोरी." छत्तीस वर्षांच्या संसारात सुमननं माझं एकही ऐकलं नाही. तात्यांचं ऐकते. संध्याकाळी सातला त्यांचा फोन येतो, तेव्हा पदर सावरून उत्तर देते. असे पाच-सहा घरांत फोन करूनच ते स्वतः जेवतात. त्यांच्याबरोबर मात्र दवाखान्यात कधी कुणी येत नाही. विचारलं तर "येत्याल की" म्हणतात आणि काटा पुसायला लागतात.

गेल्या उन्हाळ्यात एका सोमवारी आम्ही पोचलो तर वॉर्डात नुसती कुजबुज. पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं होतं. जेमतेम दोन मशीनपुरतं पाणी मिळेल, बाकीच्यांनी उद्या सकाळी यावं, असं सिस्टर सांगत होत्या. आम्ही पाच पेशंट. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, ज्यांच्या अंगात पाणी जास्त आणि ज्यांना धाप आहे, ते आधी.

हवालदारांना चार किलो चढलं होतं आणि बोलता येत नव्हतं. त्यांचा प्रश्नच नव्हता. दोघांना किलोभरच चढलं होतं, ते उद्यावर गेले. सुमनला दोन आठशे, दोन रात्री बसून काढलेल्या, आणि पहाटेपासून खोकला. राहिले तात्या. ते काट्यावर चढले. मी त्यांच्या मागंच उभा होतो. त्यांचं कोरडं वजन बावन्न, हे वॉर्डात सगळ्यांना पाठ. काट्यावर आकडा आला पंचावन्न किलो नऊशे.

"त्रेपन्न तीनशे," तात्यांनी पुकारलं आणि सिस्टरांनी मान वर करायच्या आत खाली उतरले. सिस्टरांनी लिहून घेतलं.

उतरताना त्यांनी माझ्याकडं बघितलं. बत्तीस वर्षं मास्तरकी केली मी. शेवटच्या बाकावरची कॉपी माझ्या नजरेतून सुटत नसे. आता एक शब्द बोललो असतो तर मशीन तात्यांना मिळालं असतं, आणि सुमन खोकत घरी आली असती. मी गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

त्या संध्याकाळी सातला फोन आला नाही. मी केला, तो उचलला नाही. सुमन मात्र दोन रात्रींनंतर पहिल्यांदा आडवी होऊन शांत झोपली. तिचा तो शांत श्वास ऐकवेना मला.

उजाडताच शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली आणि आमच्या कुंडलहून तासगाव गाठलं. मापाडी म्हटल्यावर पहिल्याच माणसानं घर दाखवलं. तात्या अंगणात खुर्चीवर बसले होते, पुढं झुकून, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकून. पायांत चपला शिरत नव्हत्या म्हणून त्या शेजारी काढून ठेवलेल्या. मी हाक मारली तर त्यांनी हात वर केला. आधी श्वास, मग बोलणं.

"वैनी... आडव्या झोपल्या?"

"झोपली."

"मग ब्येस झालं."

मी त्यांना उचलल्यासारखं करून पुढच्या सीटवर बसवलं, काच खाली केली आणि गाडी सुरू करता करता शिव्याच घातल्या. "काय मिळवलंत लबाडी करून? काही झालं असतं म्हणजे? आणि मलाही त्यात ओढलंत!"

त्यांनी श्वास जुळवला. मग ते तुटक-तुटक बोलायला लागले.

"आमची सखू... जल्मभर वाळल्याली. कायबी खाऊ दे, अंगाला लागायचं न्हाई. मग एका साली गाल भरलं तिचं. हात भरलं. बांगड्या रुताय लागल्या. मला लय आनंद, मास्तर. बाजारात सांगत फिरायचो, आता कुटं बायकू बाळसं धराय लागली. कासाराकडं न्हेऊन मोठ्या मापाच्या बांगड्या भरल्या."

 मी गाडी सावकाश घेतली.

"राच्च्याला उठून बसायची. म्हनायची, आवं, आडवं पडलं की गुदमारतंय. मी म्हनायचो, जेवान जास्त झालंय, बडीशोप खा. आन् कूस बदलून घोरायचो." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "पानी हुतं त्ये, मास्तर. नुसतं पानी. दवाखान्यात न्हेली तवा लय उशीर झाल्याला."

 धीर द्यावा म्हणून मी डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. त्यांनी तो उचलून बाजूला केला आणि म्हणाले, "रस्ता बगा."

मी हात गिअरवर नेला. जरा वेळानं त्यांनी आपला सुजलेला पंजा माझ्या हातावर ठेवला, आणि मग काढलाच नाही. सांगलीपर्यंत मी गाडी तिसऱ्याच गिअरमध्ये नेली.