आधी परवाना, मग भोंगा

हमीदभाई मुकादम पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा चपला काढायच्या आधी त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, गॅसची शेगडी जोडणाऱ्याकडे परवाना होता काय?"

"यांनीच जोडलीय," ती म्हणाली.

हमीदभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी नुकताच शेजाऱ्याचा खून करून कोशिंबीर कालवायला बसलोय. जेवले बिचारे, पण खिडकीला चिकटून.

मी नाशिकचा इंजिनियर, ते श्रीवर्धनचे. रियाधला आम्ही एकाच कंपनीत आहोत. दुकानात, बंगल्यात चोर शिरला की बोंबलणारे अलार्म बसवणं हा आमचा धंदा. पण इथे सुरक्षा खात्याच्या परवान्याशिवाय भिंतीला साधा भोंगा टांगता येत नाही. कंपनीचा परवाना वेगळा, वायर ओढणाऱ्याचं कार्ड वेगळं. या सगळ्याच्या मागे धावायचं काम हमीदभाईंचं. दुसरा वैतागला असता. हे त्यात रमले. एकदा न्हाव्याच्या दुकानात आरोग्यकार्ड लावलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं ते अर्धी दाढी झाल्यावर. उरलेली अर्धी घेऊन ते तसेच ऑफिसला आले.

मध्यंतरी आमच्या मालकाच्या मेहुण्याने सोन्याचं दुकान काढलं. उद्घाटन तोंडावर, आणि आमच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलेलं.

"यल्ला हमीद, लावून टाक. कागद मागाहून," मालक म्हणाले.

हमीदभाईंनी सगळे भोंगे आपल्या गाडीच्या डिकीत कोंडले आणि किल्ली खिशात टाकली. "आधी परवाना, मग भोंगा!" हे त्यांनी आधी अरबीत सांगितलं, मग हिंदीत, आणि मालक फारच तापल्यावर मराठीत.

"दुकानात चोरी झाली तर तुझी नोकरी खलास!"

"होणार नाय. मी बसतो."

उद्घाटनाच्या दिवशी सकाळपासून ते दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. गिऱ्हाईक काचेला टेकलं, की "ओ ओ ओ!" असे खेकसायचे. दुपारी खात्याचे तपासनीस आले.

"अलार्म कुठे आहे?"

मेहुण्याने हमीदभाईंकडे बोट दाखवलं. तपासनीस पोट धरून हसले, आणि हसता हसता म्हणाले, "पण रखवालदाराचं कार्ड आहे ना याच्याकडे?"

हमीदभाई पांढरेफटक पडले. रखवालदारालाही कार्ड लागतं, हे आम्हा सगळ्यांना त्यांनीच घोकवलेलं. ते उठले आणि आपला इकामा, म्हणजे इथला रहिवासाचा परवाना, तपासनिसांच्या हातात ठेवून म्हणाले, "साहेब, मी विनापरवाना बसलो. गुन्हा कबूल."

तपासनिसांनी इकामा परत केला, वर चहा मागवला. दुसऱ्याच दिवशी परवाना आला. नोकरीबद्दल मालक पुन्हा अवाक्षर बोलले नाहीत. भोंगा चढवताना हमीदभाई मात्र शिडीसुद्धा धरेनात. तंत्रज्ञाचं कार्ड नव्हतं ना!

त्यांच्या स्वतःच्या खोलीतही अलार्म आहे, अगदी रीतसर. आत चोरण्यासारखं म्हणाल तर एक पलंग आणि सुक्या बोंबलांचा डबा. परवा संध्याकाळी ऑफिसमधून परतताना त्यांनी मला चहाला वर नेलं. दार उघडलं तशी भिंतीवरची पेटी टीं टीं करू लागली. वेळेत आकडे दाबले नाहीत, तर सगळी बिल्डिंग गोळा होते. हमीदभाईंनी सावकाश बूट काढले. पाणी प्यायले. टीं टीं चढत चाललं.

"आलो गं, आलो. रस्त्यात गर्दी होती," असं पुटपुटत त्यांनी अगदी शेवटच्या क्षणी आकडे दाबले.

"विसरलात की काय?" मी विचारलं.

"नाय हो." ते जरा ओशाळले. त्यांची बायको, आमच्या रुबिनावहिनी, लेकीच्या बाळंतपणासाठी श्रीवर्धनला गेल्या त्या नातवात अडकून तिकडेच राहिल्या, हे मला ठाऊक होतं. "उशीर झाला की दारातच उभी राहून तोंड सोडायची," ते म्हणाले.

"रोज फोन करता की त्यांना."

"करतो ना." त्यांनी चहाचं आधण ठेवलं. "पण फोनवर ती ओरडत नाय. एवढ्या लांबून गोडच बोलते."